पडद्याकडे पाठ

“झूठ,” ती म्हणायची आणि हातातली काठी उचलून पडद्याकडे रोखायची. पडद्यावर नायक मरत असो की नायिका सासरी निघालेली असो, आमच्यातल्या दोघी-तिघींनी टिश्यूचा डबा मांडीवर घेतलेला असो, तिला त्याचं काही नव्हतं. “झूठ. होंठ कुछ और बोल रहे हैं.” मग काठी खाली यायची आणि ती डोळे मिटून घ्यायची. सिनेमा संपेपर्यंत ते उघडले तर उघडले.

तुमच्याही ग्रुपमध्ये असं एखादं माणूस असेल. ते आलं की बाकीचे खुर्चीवर पर्स ठेवतात, म्हणजे शेजारची जागा भरलेली दिसते. मी पर्सही ठेवायची आणि वरून शालही पसरायची. आता ती इथे श्रूजबरीत, बॉस्टनजवळच्या आमच्या गावात, नाही. कॅलिफोर्नियात मुलीकडे गेली. तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आई, तुझं तर तिच्याशी पटतच नव्हतं.” नव्हतंच पटत. पटत असतं तर लिहायची वेळ आली नसती.

आमच्या गावच्या सीनिअर सेंटरमध्ये दर बुधवारी अकरा वाजता आम्ही देशी म्हातारे-म्हाताऱ्या जमतो. आधी खुर्चीवरचा योगा, मग चहा, मग सिनेमा. गुजराती आहेत, तेलुगू आहेत, एक तमिळ मामी आहेत, आम्ही चार मराठी. सगळ्यांना समजेल असं म्हणून हिंदी सिनेमा लावायचा आणि खाली इंग्रजी अक्षरं ठेवायची, हे माझंच ठरवणं. रिमोटही माझ्याकडे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण इथे आल्यावर लायब्ररीत बसून इंग्रजी शिकले, कॉम्प्युटर शिकले, आणि सेंटरच्या बाईंनी ती खोली विश्वासाने माझ्या हातात दिली. त्याचा मला गर्व होता. सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मुलगा दारात सोडून गेला. उंच, हाडापेराने मोठी, सलवार-कमीझवर पुरुषी जाकीट. आवाज असा की रिकाम्या डब्यात कुणी खडे हलवतंय. गळ्यावर एक आडवी खूण होती, तिथे कधीतरी ऑपरेशन झालेलं. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “आज कौन सी है?”

मी सिनेमाचं नाव सांगितलं.

“हिंदी?”

“हां, हिंदी. सबको समझता है ना.”

“हर हफ़्ते हिंदी? पंजाबी सिनेमा मर गया क्या?”

मी म्हटलं, “अहो, इधर पंजाबी किसको आता है?”

“अंग्रेज़ी किसको आती है?” तिने खालच्या अक्षरांकडे काठी दाखवली. “वो तो चला रखी है.”

गुजराती शहाकाका फिस्सकन हसले. माझ्या खोलीत माझ्यावर हसले. तिथूनच सुरुवात झाली म्हणा.

त्या दिवशी मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. सगळ्यांनी वाहवा केली. हिने प्लेट डोळ्यांजवळ नेली, चमच्याने एक दाणा उचलून बघितला. “ये क्या है बहनजी, मोती उबाले हैं?” चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “और ये?”

“चाय.”

“अच्छा. मैंने सोचा हाथ धोने को दिया है.”

तीन आठवडे मी चहा केला नाही. तमिळ मामींनी कॉफी आणली. ती तिने मुकाट्याने प्यायली, तेही माझ्याकडे बघत.

पंजाबी सिनेमाचं तिचं पालुपद काही थांबेना. शेवटी सेंटरच्या बाईंनी व्हॅन दिली आणि आम्ही सगळे शेजारच्या वूस्टर शहरातल्या थिएटरात नवा पंजाबी सिनेमा बघायला गेलो. हल्ली लागतात इथे, शनिवार-रविवारी तरुण पोरांची गर्दी असते. आम्ही शुक्रवारी दुपारच्या खेळाला गेलो. गोष्ट काय, तर एक मुलगा कॅनडाला जायला मिळावं म्हणून खोटं लग्न करतो आणि मग खरंच प्रेमात पडतो. मध्ये सात गाणी. नायक मुळात गायक, पगडीचा रंग प्रत्येक गाण्यात शर्टाला जुळणारा. आम्हाला तर मजा आली. मामी टाळ्या वाजवत होत्या.

आणि मध्यंतराच्या जरा आधी नायिका शेतात उभी राहून रडायला लागली, तशी ही उठली.

“झूठ! नाक से रो रही है. रोना पेट से आता है. और ये दुपट्टा देखो, इसने कभी गोबर उठाया है?”

पुढच्या रांगेतले दोन तरुण सरदार वळले. “आंटीजी, प्लीज़.”

“क्या प्लीज़? तुम्हारी माँ ऐसे रोती है?”

एकाने तोंडावर हात धरला, हसू दाबायला. दुसरा बिचारा खरंच विचारात पडला. मी अंधारात तोंड लपवून बसले. परतीच्या व्हॅनमध्ये मी तिला म्हटलं, “पंजाबी चाहिए, पंजाबी चाहिए करते थे ना? अब देखा तो वो भी झूठ?”

ती खिडकीतून रूट नाइनच्या हमरस्त्याकडे बघत होती. “घर की चीज़ ख़राब हो तो ज़्यादा ग़ुस्सा आता है,” म्हणाली. “तुम्हारी ख़राब हो, तो मुझे क्या.”

आता तुम्ही म्हणाल, हिला एवढं काय पडलं होतं सिनेमाचं? ते तिने एका बुधवारी सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. थंडी मी म्हणत होती, माणसं कमी आली होती. टेबलावर तिने एक जुनी डीव्हीडी आपटली. कव्हरवरचा रंग उडालेला. एक जुना पंजाबी सिनेमा. नायिकेला मात्र आपण सगळे ओळखतो, हिंदीतलीच, तेव्हाची मोठी. नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते कळेल.

“इसमें इसकी आवाज़ मेरी है,” ती म्हणाली.

डीव्हीडी हातोहात फिरली. मग शहाकाका म्हणाले, “मतलब?”

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर ती मुंबईत सायनला राहायची, नवरा ट्रक-ट्रान्सपोर्टमध्ये. पंजाबी सिनेमे तेव्हा निम्मे मुंबईतच पुरे व्हायचे. नायिका मुंबईच्या असायच्या आणि त्यांना पंजाबीचा गंध नसायचा. सेटवर त्या काहीतरी पुटपुटायच्या, कधी हिंदी, कधी नुसते आकडे. मग स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत या बाईला उभं करायचे. समोर पडद्यावर नायिका ओठ हलवतेय, हिने त्या ओठांत पंजाबी बसवायची. नायिका कुठे श्वास घेते, कुठे थुंकी गिळते, हे सगळं पाठ करायचं. ओठ जुळेपर्यंत सुटका नाही. असे बरेच सिनेमे केले. हा त्यातला सर्वांत गाजलेला. पंजाबात लोकांनी या आवाजाची नक्कल केली, लग्नांत बायका ते संवाद म्हणायच्या.

“और नाम?” मामींनी विचारलं.

“नाम काट दिया. प्रोड्यूसर बोला, लोगों को पता चलेगा तो हीरोइन की इज़्ज़त क्या रहेगी. मेरे घरवाले भी ख़ुश. उनको तो बीवी का नाम परदे पे चाहिए ही नहीं था.”

“तुम्हारे बेटे को मालूम है?”

“उसको बोलती हूँ तो कहता है, मम्मी, छड्डो ना.” काठी मांडीवर आडवी घेतली. “यहाँ कोई एक तो माने.”

एवढं एकच तिला हवं होतं, बघा. कुणी एकाने मानावं. आमच्यातलं कुणीही चाललं असतं. मामी मानायला तयार होत्या, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिने ते सांगताना बघितलं माझ्याकडे. आणि मी, जिच्या चहाला तिने हात धुवायचं पाणी म्हटलं होतं, ती मी म्हणाले, “असं कुणीही म्हणू शकतं. मी म्हणेन लताबाईंच्या आधी मीच गात होते.”

हे मी मराठीत म्हणाले. आमच्या बाकीच्या तिघी हसल्या. तिला शब्द कळले नसतील, हसणं कळलं.

घरी जाऊन मी तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मी कॉम्प्युटर उघडला आणि शोधत बसले. त्या नायिकेची एक मुलाखत सापडली, अगदी अलीकडची. केस पांढरे ठेवलेले, मोत्यांची माळ, छान हसत सांगत होती की त्या सिनेमासाठी मी तीन महिने पंजाबी शिकले, घरी मास्तर यायचे, एक-एक शब्द माझा स्वतःचा आहे. मला काय आनंद झाला, सांगू! मी ती मुलाखत दोनदा बघितली आणि दुसऱ्यांदा बघताना लाडू खाल्ला.

पुढच्या बुधवारी मी सगळी तयारी करून गेले. त्या दिवशी ऊन होतं, वीस-बावीस जण आलेले. योगा झाला, कॉफी झाली. मी पुढे जाऊन मुलाखत लावली. नायिका बोलली, हसली, संपलं. मी रिमोट हातात धरून मागे वळले आणि म्हटलं, “अब बोलो.”

ती खुर्चीत बसून होती. चेहऱ्यावर काही हललं नाही. एवढंच म्हणाली, “झूठ.”

“वो झूठ, सिनेमा झूठ, हमारा चाय झूठ. सब झूठे, आप अकेली सच्ची?”

“मावशी, असू द्या,” आमच्यातल्या देशपांडे बाई म्हणाल्या.

मी असू देणार नव्हते. “मैं आपका पिक्चर लगाके आवाज बंद करती हूँ,” मी म्हटलं. “आप बोलके दिखाओ. सबके सामने. दूध का दूध होऊन जाऊ दे.” माझं हिंदी असंच, रागावलं की मध्येच घरी परत येतं.

मला वाटलं, काहीतरी बहाणा करेल. ऑपरेशन झालंय म्हणेल. पण ती उठली. काठी खुर्चीला टेकवली. चष्मा काढून जाकिटाच्या खिशात ठेवला. “वो वाला लगाओ, जब आदमी वापस आता है,” म्हणाली.

तो प्रसंग असा. नवरा बायकोला गावी टाकून विलायतेला गेलेला, बारा वर्षांनी परत येतो, येताना दुसरी बायको घेऊन. नायिका दारात उभी. तो म्हणतो, बाजूला हो, माझं घर आहे. ती आधी काही बोलत नाही. मग थोडीशी हसते. मग बोलायला लागते, आणि बरंच बोलते, पुढे आवाज फुटतो, आणि शेवटी म्हणते, “घर तेरा ऐ. मैं तेरी नईं.”

मागच्या बुधवारी इथेच राहिलेली तिची डीव्हीडी मी लावली, ती जागा शोधली, आवाज बंद केला. आणि आता माझा सगळ्यांत वाईट उद्योग सांगते. मी माझा फोन टेबलावर कॉफीच्या थर्मासला टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग लावलं. नाशिकला माझी धाकटी बहीण आहे, तिला या बाईचे किस्से मी दर आठवड्याला सांगायची. म्हटलं, आज तिला प्रत्यक्षच दाखवू, हसेल बिचारी.

ती पुढे आली. पडद्यासमोर नाही, पडद्याच्या जरा बाजूला, खिडकीपाशी. आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. तोंड माझ्याकडे. एक हात कानावर धरला, डोळे मिटले.

मी म्हटलं, पाठ केली म्हणजे हरलीच. बघायचं सोडून पाठ कसली करते? ओठ दिसणार कसे?

“लगाया,” म्हणत मी चालू केलं.

तिचा आवाज मी सांगितला तुम्हाला. त्या आवाजात ती हसली तेव्हा कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. मग ती बोलत गेली. कुठे आवाज निघेच ना, नुसती हवा यायची. कुठे फाटायचा. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, ती कुठे अडखळते याची वाट बघत. पंजाबी मला अर्धी कळली. “मैं तेरी नईं” म्हणताना शेवटचा शब्द तिच्या गळ्यात मोडला आणि अर्धाच बाहेर आला.

 आणि मग मी हसले.

शहाकाका नाही, आमच्या तिघी नाही. आधी मी. मग बाकीचे हसले, काही जण नुसते सुटल्यासारखे, पण हसले. मी म्हटलं, “ये आवाज? ये आवाज पे पंजाब मर गया था?”

तिने डोळे उघडले. चष्मा काढला होता, त्यामुळे तिला आम्ही नीट दिसत नसू. काठी घ्यायला गेली ती दुसऱ्याच खुर्चीकडे. मामींनी काठी हातात दिली. ती दारापाशी गेली, मुलाला फोन केला, आणि बाहेर बर्फाच्या ढिगाऱ्याशेजारी उभी राहून पाऊण तास त्याची वाट बघितली. आत येऊन बसा म्हणायला मामी दोनदा गेल्या. मी खोलीतून बघत होते. मी सिनेमा बदलून हिंदी लावला होता.

घरी पोचल्या पोचल्या व्हिडिओ बहिणीला पाठवला. खाली हसऱ्या तोंडाच्या सहा-सात बाहुल्या टाकल्या.

सकाळी उठले तर तिचं उत्तर आलेलं. “अगं ताई, छान आहे गं सिनेमा, मला रडू आलं. पण तुमच्या टीव्हीचा स्पीकर फाटलाय का? बाईचा आवाज किती खरखरतोय. आणि ती पुढे उभी असलेली काळी सावली कोण? नीट बघूही देत नाही.”

मी दोनदा वाचलं. मग व्हिडिओ उघडला.

फोनच्या कोनातून ती पडद्याच्या कडेवर आलेली, आणि खिडकीचा उजेड मागून आल्यामुळे म्हातारी नुसती काळी दिसत होती, तोंड दिसतच नव्हतं. दिसत होता तो पडदा. पडद्यावर नायिका दारात उभी. आणि ती बोलत होती. त्या फाटक्या आवाजात नायिकाच बोलत होती. बारीक हसली, तिथे हसू होतं. बोलायच्या आधी तिची छाती वर आली, तिथे श्वास होता. एका ठिकाणी ती तोंड उघडते आणि काहीच न बोलता मिटते, तिथे घशातला एक बारीकसा आवाज होता, गिळल्याचा. मी काल त्या खोलीत दहा फुटांवर बसून तो ऐकला नव्हता, कारण मी चुका ऐकायला बसले होते. आमच्यातल्या एकानेही त्या वेळी पडदा बघितला नव्हता. वीस माणसांनी ओठ जुळतात का हे तपासायला ओठच सोडून बाकी सगळं बघितलं.

आणि तिची तर पडद्याकडे पाठ होती.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला, ते सांगत नाही. मुलगी ऑफिसला जाताना म्हणाली, “आई, बरं वाटत नाहीये का?” बहिणीला मी काय लिहिलं? लिहिलं, स्पीकर ठीक आहे.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. मला वाटलं, बरं झालं, सगळ्यांना आधी व्हिडिओ दाखवते, मग ती येईल तेव्हा काय ते. पण मामींनी बातमी आणली की ती मुलीकडे चाललीय, फ्रेस्नोच्या बाजूला, तिथे पुष्कळ पंजाबी आहेत, शनिवारी विमान. मग मी थांबले नाही. रिमोट मामींच्या हातात दिला आणि निघाले. तिचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. फुटपाथवरचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, मी कुंपणं धरत धरत गेले. तिकडे जाताना मला ती आवडायला लागली होती असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नव्हतं. माफी मागायची म्हणून माणूस आवडायला लागत नाही. मी वाटेभर मनात तिच्याशी भांडतच होते. आधीच का नाही नीट सांगितलंस, एवढा ताठा कशाला, चहाबद्दल तसं का बोललीस.

गॅरेजचं दार वर उचललेलं होतं. आत ती एका स्टुलावर बसून खोक्यांवर टेप लावत होती. तेच जाकीट. मला बघून टेप दातांनी तोडली.

“अब क्या है? और कोई इंटरव्यू मिल गया?”

 मी फोन पुढे केला आणि व्हिडिओ लावला.

तिने फोन हातात घेतला नाही. चष्मा नाकावर खाली ओढून, मान पुढे काढून बघत राहिली. सबंध बघितला. संपल्यावर म्हणाली, “एक बार और.”

मी पुन्हा लावला. या वेळी तिने डोळे मिटून ऐकला.

“रोना ठीक है,” ती म्हणाली. “आख़िर वाली लाइन में लेट हूँ. ‘घर’ पे लेट हूँ. थोड़ी सी.”

“मुझे तो नहीं दिखा.”

“तुम्हें क्या दिखता है!”

ते खरंच होतं. मग वाटेत पाठ करून आणलेलं सगळं एकदम बोलून टाकलं. की मी चुकले. की मी हसायला नको होतं. की पुढच्या बुधवारी सगळ्यांना हा व्हिडिओ दाखवते, सेंटरच्या दारावर कागद लावते, सिनेमाचं नाव, खाली नायिकेचं नाव, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, आवाज, आणि तुमचं नाव. इंग्लिशमध्ये, हिंदीमध्ये. सेंटरच्या पत्रकात छापायला सांगते. गावात सगळ्यांकडे जातं ते.

ती ऐकत होती. मला वाटलं, विरघळतेय. तिने टेपचं बंडल खोक्यावर ठेवलं आणि उठली.

“तू कौन है?” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने मला ‘तू’ म्हटलं. “प्रोड्यूसर है?”

“नहीं, पर...”

“नाम जिन्होंने काटा, वो जोड़ें. तू क्यों जोड़ेगी? तुझे रात को नींद नहीं आती, इसलिए? अपना बोझ मेरे नाम पे मत उतार.”

“आपने ही बोला था ना, कोई एक तो माने. मैं मानती हूँ.”

“अब मानती है. जब मशीन ने बताया.” तिने माझ्या फोनकडे बोट केलं. “उस दिन मैं तेरे सामने खड़ी थी.”

  मी दुसरं काहीतरी म्हणायला गेले, प्रवासाबद्दल, थंडीबद्दल.

“कहीं मत लिखना,” ती म्हणाली. “ना मेरा, ना पिक्चर का. क़सम खा.”

मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली, आम्ही घेतो तशी. तिला ती खूण कळली की नाही कोण जाणे. म्हणून इथे ना तिचं नाव आहे, ना सिनेमाचं, ना त्या मोत्यांच्या माळवालीचं. शोधू नका. तोंडावर ‘आप’ म्हटलं तरी मनात तिला अहो-जाहो मी कधी केलं नाही, लिहिताना एकदा करून बघितलं तर तिलाच फसवल्यासारखं वाटलं, खोडलं.

तिने भिंतीवरचं बटण दाबलं. मी मागे सरले, ड्राइव्हवेवर आले. ते दार हळूहळू खाली यायला लागलं, करकरत. आधी तिचं डोकं गेलं, मग गळ्यावरची ती खूण, मग जाकीट, मग काठी धरलेला हात. शेवटी नुसते बूट राहिले, आणि तेही गेले.

मी वळणार एवढ्यात आतून आवाज आला. मला वाटलं, मलाच काही म्हणतेय.

“घर तेरा ऐ. मैं तेरी नईं.”

 मग पुन्हा, जरा आधी उचललेलं. “घर तेरा ऐ...” तिथेच थांबली. घसा खाकरला. खोकं सरकवल्याचा आवाज आला, बहुतेक नीट उभं राहायला जागा केली असेल.

मग तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली, पार त्या हसण्यापासून. दारापलीकडे तिच्याशिवाय कुणी नव्हतं, पडदाही नव्हता. ती रीटेक घेत होती.